खाजगी मेंबरच्या पब्लिक मेथड्स बाहेर द्यायच्या कशा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला कॉलेज रोडवर दर रविवारी सकाळी आम्ही काही जण प्रोग्रॅमिंगचा अभ्यासवर्ग घेतो. येणाऱ्यांत इंजिनिअरिंगची मुलं असतात, तशी अंबड-सातपूरला नोकरीला लागलेलीही असतात. इनहेरिटन्स (एका क्लासने दुसऱ्याच्या मेथड्स वारशाने घेणं) शिकवून झाला की पुढचा आठवडाभर व्हॉट्सॲपवर प्रश्नांची रीघ लागते, आणि त्यातले निम्मे फिरून एकाच जागी येतात: माझ्या क्लासच्या आत एक ऑब्जेक्ट आहे, त्याच्या मेथड्स (त्याच्याकडून करून घ्यायची कामं) बाहेरच्यांना वापरू द्यायच्या आहेत, कसं करू? ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, द्राक्षाच्या पॅकहाउसचं. दिंडोरी-निफाडकडच्या मुलांना ते समजावून सांगावं लागत नाही. माल येतो, निवडला जातो, पेट्या भरल्या जातात, प्री-कूलिंगला जातात आणि मग कोल्ड स्टोरेजमध्ये थप्प्या लागतात. आपल्या प्रोग्रॅममध्ये "पॅकहाउस" हा क्लास (ऑब्जेक्ट बनवायचा साचा) आहे आणि त्याच्या आत खाजगी मेंबर (फक्त क्लासच्या आतून वापरता येणारा भाग) म्हणून "कोल्डस्टोरेज" या क्लासचा ऑब्जेक्ट ठेवलेला आहे.

१. मेंबर खाजगी आहे, तर त्याच्या मेथड्स पब्लिक कशा? इथेच माझा गोंधळ होतो.

खाजगी आहे तो मेंबर, म्हणजे पॅकहाउसकडे असलेला त्या ऑब्जेक्टचा पत्ता. कोल्डस्टोरेज क्लासमधल्या "पेटी ठेवा", "पेटी काढा", "तापमान सांगा" या मेथड्स पब्लिकच आहेत. कोल्डस्टोरेजचा ऑब्जेक्ट ज्याच्या हातात असेल त्याला त्या बोलावता येतात. आपल्या उदाहरणात तो फक्त पॅकहाउसच्या हातात आहे, म्हणून बाहेरच्याला दार बंद.

आता गरज अशी पडते की गाडी भरणाऱ्या कोडला पॅकहाउसकडूनच पेटी काढून हवी असते. शिवाय "साठवण करणारी कुठलीही वस्तू चालेल" असं म्हणणाऱ्या फंक्शनला आपलं पॅकहाउस देता आलं पाहिजे. यातली पहिली गरज मेथड उपलब्ध करण्याची आहे आणि दुसरी सबटाइपिंगची, म्हणजे एका प्रकाराच्या जागी दुसरा चालण्याची. या दोन गरजा वेगळ्या आहेत. अर्ध्या चुका त्या एकच समजल्यामुळे होतात.

२. मग पॅकहाउस सरळ कोल्डस्टोरेजपासून इनहेरिट केला तर? एका ओळीत सगळ्या मेथड्स मिळतात.

मिळतात, आणि नको त्याही मिळतात. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी मराठीत वाक्य करून बघा. "पॅकहाउसकडे कोल्ड स्टोरेज आहे" हे वाक्य बसतं. "पॅकहाउस म्हणजे कोल्ड स्टोरेज" हे बसत नाही. "कडे" आणि "म्हणजे" यांतला हा फरक आपली भाषा आपल्याला आयता देते, तो कोड लिहिताना वापरावा. जिथे "म्हणजे" बसतं तिथे इनहेरिटन्सचा विचार करा. जिथे "कडे" बसतं तिथे मेंबर ठेवा.

सबटाइप म्हणजे बाहेरच्या जगाला दिलेला शब्द आहे: जिथे कोल्डस्टोरेज चालतं तिथे मला वापरा, काही बिघडणार नाही. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ साली एका भाषणात हा विचार मांडला आणि १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासोबत तो काटेकोर स्वरूपात लिहिला. कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) फक्त मेथड्सची नावं आणि प्रकार तपासतो. शब्द पाळला जातोय का, हे त्याला कळत नाही.

कोल्डस्टोरेजमध्ये "तापमान ठरवा" अशी मेथड असणारच. इनहेरिट केलं की ती पॅकहाउसवरही आली. द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास ठेवायची असतात. गाडी भरणाऱ्या कोडमधून कोणी चुकून आठ अंश लावले, तर कंपायलर अडवणार नाही आणि मण्यांना पाणी सुटेपर्यंत कोणाच्या लक्षातही येणार नाही.

जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत ही चूक अगदी सुरुवातीपासून बसलेली आहे. तिथे स्टॅक हा क्लास व्हेक्टरपासून (वाढणाऱ्या यादीपासून) इनहेरिट केलेला आहे. स्टॅकमध्ये वरून ठेवायचं आणि वरूनच काढायचं, पण व्हेक्टरच्या मेथड्स पब्लिक असल्यामुळे मधल्या जागीही घुसवता येतं. तसंच प्रॉपर्टीज हा क्लास हॅशटेबलपासून (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणाऱ्या क्लासपासून) आला. त्यात की आणि व्हॅल्यू दोन्ही स्ट्रिंगच हव्यात, तरी हॅशटेबलची पुट मेथड उघडी असल्याने काहीही टाकता येतं आणि पुढे फाइलमध्ये सेव्ह करताना प्रोग्रॅम कोसळतो. त्या मेथड्स आता काढताही येत नाहीत, कारण जगभरचा जुना कोड त्यांवर उभा आहे. एकदा पब्लिक झालेली मेथड परत घेणं फार अवघड असतं.

३. मेंबर खाजगीच ठेवला आणि गेटर (तो मेंबर बाहेर देणारी मेथड) दिला तर?

गेटरने पूर्ण कोल्डस्टोरेज बाहेर गेलं, म्हणजे "तापमान ठरवा" सकट गेलं. खाजगीपणा नावापुरता उरला. शिवाय वापरणाऱ्याचा कोड "पॅकहाउस, तुझं कोल्ड दे; कोल्ड, तुझी थप्पी दे; थप्पी, तुझी पेटी दे" अशी साखळी लावतो आणि आतली रचना बदलली की सगळीकडे तुटतो. फक्त वाचण्यापुरता छोटा इंटरफेस (कुठल्या मेथड्स मिळतील याची यादी) परत करणारा गेटर मात्र चालतो.

४. मग बरोबर पद्धत कोणती? एकदा नीट दाखवा.

खालच्या ओळी कुठल्याही एका भाषेतल्या नाहीत. आकार कळावा म्हणून मराठीत लिहिल्या आहेत.

इंटरफेस साठवण
— ठेवा(पेटी)
— काढा(क्रमांक)
— तापमान()

क्लास कोल्डस्टोरेज, साठवण पाळतो
— वरच्या तिन्ही मेथड्स
— तापमानठरवा(अंश)
— डीफ्रॉस्ट()

क्लास पॅकहाउस, साठवण पाळतो
— खाजगी कोठी : साठवण
— ठेवा(पेटी): वजन तपास, कोठी.ठेवा(पेटी)
— काढा(क्रमांक): कोठी.काढा(क्रमांक)
— तापमान(): कोठी.तापमान()

पॅकहाउस हा साठवणीचा सबटाइप झाला, कोल्डस्टोरेजचा झाला नाही, ही यातली मुख्य गोष्ट. मेंबरचा प्रकारसुद्धा "साठवण" असाच लिहिलाय. त्यामुळे टेस्ट करताना आत खोटी कोठी बसवता येते आणि तापमानाचा सेन्सर नसतानाही प्रोग्रॅम तपासता येतो.

इंटरफेसमध्ये काय घ्यायचं हे आतला क्लास काय देऊ शकतो यावरून ठरवू नका. बाहेरच्याला काय लागतं ते विचारा. गाडी भरणाऱ्याला डीफ्रॉस्ट कशाला हवंय? वजन तपासण्याची ओळही बघा. ठेवण्याआधी स्वतःचा नियम लावायची जागा तुम्हाला इथे मिळते. आतला ऑब्जेक्ट जसाच्या तसा उघडा केला असता तर ही जागाच राहिली नसती.

५. मेथड्स वीस-पंचवीस असतील तर प्रत्येकीसाठी एक-एक ओळ हाताने लिहायची?

आधी स्वतःला विचारा की बाहेरच्याला खरंच पंचवीस लागतात का. बहुतेक वेळा पाच-सहा निघतात.

खरंच लागत असतील तर कोटलिन भाषा वापरणाऱ्यांची सोय झालेली आहे. क्लासच्या पहिल्याच ओळीत इंटरफेसच्या नावापुढे "बाय" हा शब्द आणि मेंबरचं नाव लिहिलं की कंपायलर सगळ्या फॉरवर्डिंग मेथड्स (कॉल आतल्या मेंबरकडे पाठवणाऱ्या) स्वतः तयार करतो. जी वेगळी हवी ती ओव्हरराइड करा, म्हणजे स्वतः नव्याने लिहा, बाकीच्या आपोआप. अट एवढीच की "बाय" फक्त इंटरफेसवर चालतं, क्लासवर नाही. मला ही अट आवडते, कारण ती तुम्हाला आधी इंटरफेस लिहायला लावते.

जावामध्ये भाषेत अशी सोय नाही. एक्लिप्स किंवा इंटेलिजे या कोड लिहायच्या साधनांमध्ये डेलिगेट (काम आतल्याकडे सोपवणाऱ्या) मेथड्स तयार करून देणारा मेनू आहे, तो वापरा. लॉम्बॉक या लायब्ररीत डेलिगेट नावाचं ॲनोटेशनही (कोडवर लावायची खूण) आहे. रुबीवाल्यांनी फॉरवर्डेबल हे मॉड्यूल बघावं. त्यात मेथड्सची नावं एकेक करून सांगावी लागतात आणि तेच चांगलं आहे.

६. सी प्लस प्लसमध्ये प्रायव्हेट इनहेरिटन्स आहे की! मग मेंबर कशाला?

प्रायव्हेट इनहेरिटन्समध्ये पायाभूत क्लासच्या पब्लिक मेथड्स बाहेरून दिसत नाहीत. हव्या तेवढ्या "युझिंग" लिहून उघडता येतात. दिसायला ही मागणीप्रमाणे शिवलेली सोय वाटते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, यातून बाहेरच्यांसाठी सबटाइप तयार होत नाही. पॅकहाउसचा पॉइंटर (पत्ता) कोल्डस्टोरेजच्या पॉइंटरच्या जागी दिला तर कंपायलर नकार देतो. हे रूपांतर फक्त क्लासच्या आत आणि त्याच्या फ्रेंड्सना (ज्यांना क्लासने आत येऊ दिलंय त्यांना) करता येतं. सबटाइप हवाच असेल तर इंटरफेससारखा अमूर्त क्लास पब्लिक इनहेरिट करा आणि कोल्डस्टोरेज मेंबर म्हणून आत ठेवा.

दोन, युझिंगने नाव उघडलं की त्या नावाची सगळी ओव्हरलोड्स (एकाच नावाच्या वेगवेगळ्या मेथड्स) उघडतात. "काढा" एका पेटीसाठी आहे आणि "काढा" पूर्ण थप्पीसाठीही आहे, तर त्यातलं एकच निवडता येत नाही. तेवढ्यासाठी हाताने फॉरवर्डिंग लिहावंच लागतं.

पायाभूत क्लासच्या प्रोटेक्टेड (फक्त इनहेरिट करणाऱ्यांना दिसणाऱ्या) मेथड्स लागत असतील किंवा व्हर्च्युअल (बदलायला मोकळी ठेवलेली) मेथड ओव्हरराइड करायची असेल, तेव्हाच प्रायव्हेट इनहेरिटन्स घ्या. रिकाम्या क्लासने जागा खाऊ नये म्हणूनही लोक तो घेत, पण सी प्लस प्लस २० पासून मेंबरलाच तसं सांगायची सोय आली आहे. आणखी एक: "क्लास" लिहून पुढे पब्लिक लिहायचं विसरलात तर इनहेरिटन्स आपोआप प्रायव्हेट होतो आणि "स्ट्रक्ट" लिहिलंत तर पब्लिक. परीक्षेच्या आदल्या रात्री येणाऱ्या निम्म्या एररचं कारण हेच असतं.

७. गो मध्ये इनहेरिटन्सच नाही. तिथे काय?

गो मध्ये एम्बेडिंग आहे. स्ट्रक्टमध्ये (गो मधली क्लाससारखी रचना) फील्डचं, म्हणजे मेंबरचं, नाव न देता नुसता प्रकार लिहिला की त्याच्या मेथड्स बाहेरच्या स्ट्रक्टवर चढतात. आपल्या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर इथे आहे: एम्बेड केलेल्या प्रकाराचं नाव लहान अक्षराने सुरू होत असेल तर पॅकेजबाहेर ते फील्ड दिसत नाही, पण त्याच्या मोठ्या अक्षराने सुरू होणाऱ्या मेथड्स बाहेरून बोलावता येतात. मेंबर खाजगी, मेथड्स पब्लिक. आणि चढलेल्या मेथड्स धरून एखादा इंटरफेस पुरा होत असेल तर पॅकहाउस तो पाळतोच, वेगळं जाहीर करावं लागत नाही. स्ट्रक्ट मात्र स्ट्रक्टचा सबटाइप होत नाही. कोल्डस्टोरेज मागणाऱ्या फंक्शनला पॅकहाउस देता येणार नाही.

धोका असा की निवड करता येत नाही, सगळ्याच मेथड्स चढतात. म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) एम्बेड करणं ही नवख्यांची ठरलेली चूक. मग लॉक आणि अनलॉक या मेथड्स तुमच्या स्ट्रक्टवर सगळ्या जगाला उघड्या होतात आणि परका कोड तुमचं कुलूप लावून बसू शकतो. म्युटेक्सला नेहमी लहान अक्षराचं नाव देऊन साधं फील्ड म्हणून ठेवा.

८. पायथनमध्ये गेटॲटर लिहिलं की झालं ना?

पुष्कळसं होतं. दोन्ही बाजूंना दोन अंडरस्कोर असलेली ही गेटॲटर मेथड, नेहमीच्या शोधात नाव सापडलं नाही तरच बोलावली जाते. तिथून आतल्या ऑब्जेक्टकडे पाठवता येतं. तीन ठिकाणी ठेच लागते.

पहिलं, लेन (लांबी मोजणारं फंक्शन) किंवा अधिक चिन्हासारख्या गोष्टींमागच्या खास मेथड्स पायथन ऑब्जेक्टवर न शोधता थेट क्लासवर शोधतो. त्या गेटॲटरमधून जात नाहीत, स्वतंत्र लिहाव्या लागतात.

दुसरं, आतला मेंबर अजून तयार झालेला नसताना गेटॲटर चाललं तर ते मेंबर शोधायला पुन्हा गेटॲटरलाच बोलावतं आणि रिकर्शनची (स्वतःलाच बोलावत राहण्याची) मर्यादा संपते. कॉपी किंवा पिकल (ऑब्जेक्ट साठवून परत आणणं) करताना हे हमखास घडतं, कारण तिथे इनिट (सुरुवातीची मांडणी करणारी मेथड) न चालवता ऑब्जेक्ट बनतो.

तिसरं, ऑब्जेक्ट कुठल्या क्लासचा हे तपासणारं इझइन्स्टन्स "नाही" म्हणतं. मेथड्स आहेत, पण नातं नाही. प्रकार तपासणाऱ्या टूलसाठी पायथन ३.८ पासून प्रोटोकॉल आहेत. त्यात मेथड्सचा आकार जुळला की पुरतं. पण गेटॲटरमधून आलेल्या मेथड्सचे नेमके प्रकार त्या टूलला कळत नाहीत. म्हणून महत्त्वाच्या पाच-सहा मेथड्स प्रश्न ४ प्रमाणे हातानेच लिहा.

९. इनहेरिट करून मोजणी केली तर आकडा दुप्पट येतोय. का?

हे माझ्या हातून झालेलं आहे, म्हणून अगदी जवळून सांगतो. फेब्रुवारीचा ऐन हंगाम होता आणि पॅकहाउसच्या कोडमध्ये मी जावाच्या हॅशसेटपासून (एकच वस्तू दोनदा न ठेवणाऱ्या संचापासून) इनहेरिट करून "मोजणारा संच" बनवला होता. "ॲड" ओव्हरराइड करून त्यात एक वाढवायचो, "ॲडऑल" ओव्हरराइड करून त्यात जेवढ्या पेट्या आल्या तेवढे वाढवायचो. एकेक पेटी स्कॅन केली की आकडा बरोबर. पूर्ण पॅलेट एकदम टाकलं की दुप्पट. रात्री अकरा वाजता पॅकहाउसमधला मुलगा थंडीत कुडकुडत हाताने पेट्या मोजत होता आणि मी फोनवर त्याला परत मोजायला सांगत होतो. तो तिन्ही वेळा बरोबर होता.

कारण असं की जावाच्या हॅशसेटचं ॲडऑल आतून प्रत्येक घटकासाठी ॲडलाच बोलावतं. तो कॉल माझ्या ओव्हरराइड केलेल्या ॲडकडे आला. म्हणजे वीस पेट्या ॲडऑलमध्ये मोजल्या आणि त्याच वीस पुन्हा ॲडमध्ये. पायाभूत क्लास स्वतःच्या मेथड्स आतून कशा वापरतो यावर तुमचा क्लास अवलंबून राहतो आणि हे बाहेरून दिसत नाही.

हॅशसेट खाजगी मेंबर ठेवून सेट इंटरफेस पाळला आणि कॉल पुढे पाठवला, की आतल्या ॲडऑलने बोलावलेला ॲड आतल्याच ऑब्जेक्टचा असतो. मोजणी एकदाच होते.

१०. मग उलटं हवं असेल तर? आतल्या ऑब्जेक्टने माझी ओव्हरराइड केलेली मेथड बोलवायला हवी.

साध्या फॉरवर्डिंगमध्ये ते होणार नाही, कोटलिनच्या "बाय" मध्येही नाही. आतला ऑब्जेक्ट "मी" म्हणतो तेव्हा तो स्वतःबद्दलच बोलतो, त्याला बाहेरचं वेष्टन माहीत नसतं. हेन्री लिबरमन यांनी १९८६ मध्ये डेलिगेशनची कल्पना मांडली, त्यात काम दुसऱ्याकडे सोपवलं तरी "मी" हा मूळ ऑब्जेक्टच राहतो. सेल्फ भाषेत आणि जावास्क्रिप्टच्या प्रोटोटाइपमध्ये तसंच होतं. जावा-कोटलिनमध्ये ज्याला आपण डेलिगेशन म्हणतो ते खरं तर फॉरवर्डिंग आहे. तसा परिणाम हवा असेल तर आतल्या ऑब्जेक्टला बांधताना बाहेरच्याचा संदर्भ द्या आणि कुठल्या क्षणी काय विचारायचं तेवढ्याचा छोटा इंटरफेस करा.

११. आतली मेथड स्वतःलाच परत करते. साखळी लावायला सोपं जावं म्हणून. काही अडचण?

मोठी. पॅकहाउसचं "ठेवा" जर कोठीच्या "ठेवा" चं उत्तर तसंच परत करत असेल, तर ते उत्तर म्हणजे कोठी स्वतः. साखळीतला दुसरा कॉल पॅकहाउसला वळसा घालून थेट आत जातो. पहिल्या पेटीचं वजन तपासलं, दुसरीचं नाही. अशा मेथडमध्ये आतलं उत्तर टाकून द्या आणि स्वतःला परत करा. "बाय" किंवा गेटॲटर वापरताना हे सुटून जातं, कारण ती ओळ तुम्ही लिहिलेलीच नसते.

आतल्या ऑब्जेक्टने कुठे लिसनर (काही घडलं की ज्याला कळवलं जातं तो) म्हणून स्वतःची नोंद केली असेल, तरी हीच गळती होते.

१२. दोन मेंबर आहेत, प्री-कूलिंग आणि कोल्ड स्टोरेज. दोघांत "तापमान" आहे. कुठलं बाहेर जाईल?

कोटलिनमध्ये दोन इंटरफेस दोन मेंबरांकडे सोपवले आणि मेथड सारखी निघाली, तर तुम्ही ओव्हरराइड केल्याशिवाय कंपाइल होत नाही. गो मध्ये दोन्ही एकाच पातळीवर एम्बेड केले तर नुसतं असणं चालतं. "तापमान" वापरायला गेलात की एरर येते. पण गो मध्ये एक वरच्या पातळीवर आणि दुसरा आणखी आत असेल तर वरचा गुपचूप जिंकतो. प्री-कूलिंगची खोली माल आत गेल्या गेल्या गरम दाखवणार आणि कोल्डची शून्याजवळ. चुकीचा आकडा पडद्यावर आला तर माणूस कॉम्प्रेसरकडे धावतो. मी इथे दोन वेगळी नावं देतो: "प्रीकूलिंगतापमान" आणि "कोठीतापमान".

१३. इंटरफेसमध्ये उद्या नवी मेथड आली तर?

हाताने लिहिलेल्या जावा क्लासमध्ये कंपाइल फुटतं आणि तुम्हाला निर्णय घ्यावा लागतो. हे फुटणं उपकारक आहे. पण नवी मेथड डिफॉल्ट अंमलबजावणीसकट आली, जशी जावा ८ पासून येऊ शकते, तर काहीच फुटत नाही. पॅकहाउसवर ती मेथड बोलावली की इंटरफेसमधला डिफॉल्ट कोड चालतो. कोल्डस्टोरेजने त्या मेथडचं स्वतःचं चांगलं रूप लिहिलं असलं तरी तिकडे कॉल पोचतच नाही. इंटरफेस दुसऱ्याच्या लायब्ररीतला असेल तर नवी आवृत्ती घेताना त्याच्या मेथड्सची यादी पुन्हा बघा.

गो चं एम्बेडिंग आणि पायथनचं गेटॲटर यांत उलट: आतल्या क्लासला कोणी नवी पब्लिक मेथड दिली की ती न विचारता बाहेर जाते. काय चालेल ते प्रश्न ४ मधल्या "बाहेरच्याला काय लागतं" या कसोटीवर घासून बघा.

१४. चालू प्रोग्रॅममध्ये आतला ऑब्जेक्ट बदलला तर?

हाताने लिहिलेलं फॉरवर्डिंग दर वेळी मेंबर वाचतं, म्हणून नव्याकडे जातं. कोटलिनचं "बाय" मात्र ऑब्जेक्ट बनताना मिळालेला मेंबर धरून ठेवतं. तुम्ही तो "वार" (बदलता येणारा) म्हणून जाहीर केलात आणि नंतर बदललात, तरी कॉल जुन्याकडेच जातात. एक कोल्ड बंद पडून माल दुसऱ्यात हलवला आणि प्रोग्रॅम बंद कोल्डचं तापमान सांगत राहिला, असा हा प्रकार. बदलणारा मेंबर असेल तर तिथे "बाय" नको.

१५. एक जादा कॉल होतो. वेग कमी होत नाही का?

सी प्लस प्लसचा कंपायलर आणि जावाचा जेआयटी (प्रोग्रॅम चालू असताना काम करणारा कंपायलर) असे छोटे कॉल बहुतेक वेळा इनलाइन करतात, म्हणजे कॉलच्या जागी तो कोडच बसवतात. आधी मोजा.

१६. पॅकहाउस आणि आतली कोठी इक्वल्सने (दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का सांगणाऱ्या मेथडने) सारखे धरावेत का?

नको. पॅकहाउसने "मी कोठीसारखा" म्हटलं तरी कोठीला पॅकहाउस माहीत नाही, ती "नाही" म्हणेल. एका बाजूने खरं आणि दुसऱ्या बाजूने खोटं आलं की हॅशसेट आणि हॅशमॅप बेभरवशाचे होतात. जावाच्या लिस्ट किंवा सेटसारखे इंटरफेस पाळत असाल तर वेगळं, कारण तिथे इक्वल्सचा अर्थ इंटरफेसनेच ठरवून दिला आहे. तिथे आतल्याकडे पाठवा.

१७. आतला क्लास तयार लायब्ररीतला आहे, त्याला कुठलाच इंटरफेस नाही. मग?

इंटरफेस तुम्ही लिहा. "साठवण" तुमचा आहे, लायब्ररीचा नाही. मध्ये एक छोटा ॲडॉप्टर क्लास ठेवा: तो साठवण पाळतो आणि लायब्ररीच्या ऑब्जेक्टला खाजगी मेंबर म्हणून धरतो. पॅकहाउसला फक्त ॲडॉप्टर दिसतो. सेन्सर बनवणाऱ्याने उद्या लायब्ररी बदलली, सेल्सियसऐवजी फॅरनहाइट द्यायला लागला, तर ॲडॉप्टरमधली एक ओळ बदलते. गो आणि पायथनमध्ये एवढंही लागत नाही. मेथड्सची नावं आणि प्रकार जुळत असतील तर लायब्ररीचा क्लास, त्याच्या लेखकाला पत्ताही नसताना, तुमचा इंटरफेस किंवा प्रोटोकॉल पाळत असतो. नावं जुळत असली तरी अर्थ जुळतो का ते एकदा लायब्ररी उघडून वाचा. "काढा" म्हणजे पेटी हातात देणं की नुसती यादीतून नोंद पुसणं, हे नावावरून कळत नाही.